पत्ता : पुलाखाली

(दहावी 1985 च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर मी काय करतो ते थोडक्यात सांग, असं संयोजकांनी सांगितलंय. मुंबईत बेघरांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत मी कागदपत्रांचं काम बघतो. नव्या कार्यकर्त्याने एक रात्र फुटपाथवर काढायची, असा तिथला रिवाज आहे. त्याप्रमाणे गेल्या जानेवारीत मी भायखळ्याजवळ एका पुलाखाली झोपलो. खरं तर नुसता पडून राहिलो.

दुकानांची शटर्स पडेपर्यंत तिथे अंथरूण टाकता येत नाही. पहाटे पाचच्या आत ते गुंडाळावं लागतं. रस्त्यावरचे दिवे रात्रभर डोळ्यांवर, डास, आणि चार हातांवरून जाणारे ट्रक. पण झोप उडते ती राखणीमुळे. शेजारच्या ताईंनी आल्या आल्या बजावलं, "भाऊ, चपला उशाला घ्या. मोबाइल बनियनच्या आत." त्या स्वतः पिशवीवर डोकं ठेवून, नातवाचा पाय पदराला बांधून आडव्या झाल्या. पोर झोपेत रस्त्यावर जाऊ नये म्हणून. जवळचं स्वच्छतागृह रात्री बंद, म्हणून संध्याकाळनंतर त्या पाणी पीत नाहीत. रात्रीतून तीनदा त्या उठून बसल्या. मी विचारलं, "मग झोप पुरी कधी होते?" म्हणाल्या, "दुपारी. कुणी उठवलं नाही तर." भरदिवसा फुटपाथवर झोपलेला माणूस दिसला की मला आता हे आठवतं.

पिशवीत काय आहे तेही त्यांनी दाखवलं. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या झेरॉक्स. मूळ कागद दोनदा सामान उचललं गेलं त्यात गेले. कागद नाहीत म्हणून रेशन नाही, आणि पत्ता नाही म्हणून नवे कागद नाहीत.

सरांनी नागरिकशास्त्र शिकवलं, म्हणून त्यांच्यासमोर हे मुद्दाम सांगतो. आपण दहावी झालो त्याच वर्षी, 10 जुलै 1985 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल दिला. खटला मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांचाच होता. सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या पाच जणांच्या पीठाने सांगितलं, की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. माणूस फुटपाथवर राहतो, कारण काम तिथून जवळ असतं. मात्र फुटपाथवर राहण्याचा हक्क काही न्यायालयाने मान्य केला नाही. पावसाळा संपेपर्यंत हलवू नका, एवढी सवलत मिळाली. पुढे 2010 मध्ये त्याच न्यायालयाने शहरांत दर लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा, असं सांगितलं. 2011 च्या जनगणनेत 28 फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची मोजणी झाली. देशात 17 लाख 73 हजार माणसं निघाली, त्यांतली दोन लाखांहून अधिक आपल्या महाराष्ट्रात.

एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. बेघर माणसाला मतदार होण्यासाठी पत्त्याचा पुरावा लागत नाही. नमुना 6 मध्ये तो जिथे झोपतो ती जागा लिहायची. मग निवडणूक कर्मचारी रात्री तिथे येऊन, माणूस खरंच तिथे झोपतो का, ते पाहतो. एकाहून अधिक रात्री येतो. म्हणजे "अमुक पुलाखाली" हासुद्धा पत्ता होऊ शकतो. त्या ताईंचा अर्ज आम्ही असाच भरला. आपलं नाव छापलेला कागद हातात आला तेव्हा त्यांनी तो नातवाला वाचायला लावला.

एका रात्रीत मी बेघर झालो नाही, होऊही शकत नाही. घराची किल्ली माझ्या खिशात होती आणि सकाळची पहिली लोकल मला ठाऊक होती. त्या रात्रीचा उपयोग इतकाच, की समोरच्याला काय विचारायचं ते कळलं.

आता मेळाव्याच्या शिलकीबद्दल. त्यातून ब्लँकेट वाटावीत, अशी सूचना आली आहे. सूचना करणाऱ्या मित्राचं मन मोठं आहे, तरी माझं मत वेगळं आहे. ब्लँकेट ठेवायला जागा नसते. पुढच्या वेळी सामान उचललं गेलं की तेही जातं. त्या पैशांतून कुलूपबंद कपाटं घेऊन एखाद्या निवाऱ्यात ठेवू या. मूळ कागद तिथे सुरक्षित राहतील. आणि पैशांपेक्षा मला तुमचे रविवार हवेत. आपल्यात वकील आहेत, तहसील कचेरीत आयुष्य काढलेले आहेत, डॉक्टर आहेत, सुंदर अक्षर असलेल्या मैत्रिणी तर कितीतरी आहेत. महिन्यातून एक रविवार, आपापल्या गावी, स्टँडवर नाहीतर स्टेशनात बसून अर्ज भरायचे. पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात, कुठेही जमेल.

जेवणाच्या सुट्टीत मी वही घेऊन दाराशी बसणार आहे. नावं द्या, फोन नंबर द्या. आणि बाई, अर्जातल्या चुका तपासायला तुम्ही याल का?