प्रयोगशाळेचा अहवाल आणि आरोपीचे स्वातंत्र्य
(नागपूर येथील व्याख्यानाचा मजकूर)



नागपूर स्थानकावर रेल्वेच्या डब्यातून गांजा पकडल्याची बातमी अधूनमधून येते. हाती लागतो तो बहुधा मजुरीपोटी ओझे वाहणारा. मालाचा धनी दूरच राहतो. पकडलेल्याचे भवितव्य न्यायासनापुढे जाण्याआधीच प्रयोगशाळेत ठरू लागते.

अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्यानुसार गांजा २० किलोंपेक्षा किंवा हेरॉईन २५० ग्रॅमपेक्षा अधिक असेल, तर किमान शिक्षा १० वर्षांची. आणि कलम ३७ मुळे जामीन जवळजवळ दुर्लभ. मिश्रणातील भेसळीचे वजनही हिशेबात धरावे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला. तेव्हा सारा भार प्रयोगशाळेच्या एका होकारावर येऊन पडतो.

हा होकार कितपत विश्वसनीय असतो? जागेवर केलेली रंगचाचणी केवळ संशयाला आधार देते. तसाच रंग अन्य पदार्थांनीही येऊ शकतो. खात्रीसाठी गॅस क्रोमॅटोग्राफीसारखी यंत्रचाचणी लागते. परंतु यंत्र अचूक असले तरी अहवाल माणूसच लिहितो. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२० मध्ये एका नायजेरियन नागरिकाला अटक झाली. चाचणीत आढळलेली लिडोकेन, टॅपेंटाडॉल व कॅफीन ही द्रव्ये या कायद्याखाली येत नव्हती. तरी ती येतात, असा निष्कर्ष अहवालात नोंदला गेला. ती टंकलेखनाची चूक असल्याचा खुलासा २०२१ मध्ये झाला. तरीही तो कैदेतच राहिला. ऑगस्ट २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याला जामीन दिला आणि शासनाने २ लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश दिला.

फेरतपासणीचा अर्ज अहवाल मिळाल्यापासून १५ दिवसांत करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ठरवून दिले आहे. ज्याला वकीलच मिळालेला नाही, त्याला हे १५ दिवस काय कामाचे? शिवाय नागपूरची प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आणि पोलीस हे दोन्ही एकाच गृह विभागाच्या अखत्यारीत आहेत.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे, तर प्रयोगशाळेवर न केलेला खर्च वाचत नाही. तो कच्च्या कैद्याच्या आयुष्यातून वसूल होतो. म्हणून प्रयोगशाळा गृह विभागापासून स्वतंत्र असावी, अहवालाला मुदत असावी आणि चाचणीच्या मूळ नोंदी आरोपीला विनाशुल्क मिळाव्यात, या मागण्या कार्यकर्त्यांनी लावून धरल्या पाहिजेत. अमली पदार्थांच्या व्यापाराशी लढावयाचेच आहे. परंतु त्या लढ्याची किंमत निरपराध गरिबाने मोजावी, हे न्यायाला धरून नाही.