पाकिटाची राखण, नावाची राखण



खानदेशात गर्दीचे प्रसंग वर्षभर येत असतात. चैत्रात धुळ्याला पांझरेच्या काठी एकवीरा देवीची यात्रा भरते. वैशाखात अमळनेरला बोरीच्या वाळवंटात सखाराम महाराजांचा उत्सव होतो. गावोगावचे आठवडे बाजार, जळगाव व धुळ्याची बसस्थानके आणि भुसावळचे जंक्शन यांना तर कोणताच महिना मोकळा नसतो. जेथे गर्दी तेथे खिसेकापू, हा अनुभव जुनाच आहे. बदलले आहे ते पाकीट. पूर्वीच्या बटव्यात पैसे असत. ते गेले की नुकसान तेथेच संपे. आजच्या पाकिटात आधार कार्ड, पॅन कार्ड, एटीएम कार्ड असते आणि शेजारी फोन असतो. ही चोरी त्या दिवशी संपत नाही. चोरलेल्या नावावर ती पुढे चालू राहते.

नावाची चोरी कशी होते?

२०२४ साली मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरले जात असताना नवी मुंबईतील एका महिलेचा अर्ज स्वीकारला जाईना. तिच्या आधार क्रमांकावर अगोदरच कोणीतरी अर्ज भरलेला होता. शोध सातारा जिल्ह्यापर्यंत पोहोचला. तेथील एका दांपत्याने इतरांचे आधार क्रमांक वापरून सुमारे तीस अर्ज भरल्याचे पोलिसांनी सांगितले. त्याआधी, २०१८ साली, तेलंगणात दस्तनोंदणीच्या कागदांवरील अंगठ्यांवरून कृत्रिम ठसे बनवून सिमकार्डे चालू केल्याचा प्रकार उघडकीस आला होता. खेड्यातील ग्राहक सेवा केंद्रावर आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि अंगठा एवढ्यावर पैसे निघतात, हे लक्षात घेतले म्हणजे या धोक्याचे स्वरूप स्पष्ट होते. येथे पाकीट मारण्याचीही गरज उरत नाही; निष्काळजीपणे टाकलेली एखादी झेरॉक्स पुरते.

आधीची दक्षता

बसच्या दारातील रेटारेटी हीच खिसेकापूंची संधी असते. चढताना पर्स पाठीवर न ठेवता पुढे धरावी. कोणी 'तुमचे पैसे पडले' किंवा 'कपड्याला घाण लागली' असे सांगितल्यास प्रथम आपल्या पाकिटावर हात ठेवावा, मग खाली पाहावे. सर्व रक्कम एकाच ठिकाणी ठेवू नये. एटीएमचा पिन कार्डाच्या मागे किंवा पाकिटातील चिठ्ठीवर लिहू नये. फोनला कुलूप असले तरी सिमकार्ड काढून दुसऱ्या फोनमध्ये घालता येते. म्हणून सिमलाही स्वतंत्र पिन लावावा. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून अंगठ्याचे ठसे बंद करून ठेवता येतात व गरजेच्या वेळी उघडता येतात. जेथे चालेल तेथे फक्त शेवटचे चार अंक दिसणारी आधारची प्रत द्यावी. झेरॉक्स द्यावीच लागली तर तीवर कारण व तारीख लिहून सही करावी.

चोरीनंतरचा पहिला तास

पाकीट गेल्याचे कळताच प्रथम बँकेला कळवून कार्ड बंद करावे. फोन गेला असल्यास सिमही बंद करावे. खात्यातून पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी ती अडविता येण्याची शक्यता असते. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने असे तत्त्व घालून दिले की, बँकेचा वा ग्राहकाचा दोष नसताना व्यवहार झाला आणि ग्राहकाने तीन कामाच्या दिवसांत कळविले, तर ग्राहकावर भार पडू नये. उशीर म्हणजे नुकसान, असा याचा सरळ अर्थ आहे. तक्रारीचा क्रमांक जपून ठेवावा. पुढे संचार साथी या शासकीय संकेतस्थळावर आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत हे पाहावे आणि हरवलेला फोनही तेथूनच बंद करावा.

धुळ्याला बसमध्ये चढलेल्या प्रवाशाला चोरी जळगावला उतरल्यावर कळली, तर तक्रार कोठे द्यावी? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोठेही घडला असला तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, आणि नोंदीची प्रत तक्रारदारास विनामूल्य मिळते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेने वस्तू हिसकावून नेणे हा कलम ३०४ खाली स्वतंत्र गुन्हा ठरविला असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आहे. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळखचिन्ह कपटाने वापरणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६ग नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

दुसऱ्याच्या कागदांचे राखणदार

एवढे सांगून विषय संपत नाही. नागरिक आपले कागद आपल्या पाकिटात जितके ठेवतो, त्याहून अधिक ते शाळेच्या कपाटात, ग्रामपंचायतीच्या दप्तरात आणि कार्यालयाच्या फाइलींत असतात. लाभार्थ्यांची यादी आधार क्रमांकांसह सूचनाफलकावर लावणे, विद्यार्थ्यांच्या कागदपत्रांची छायाचित्रे व्हॉट्सअ‍ॅपच्या समूहात टाकणे, जुन्या झेरॉक्स रद्दीत देणे, या सवयी कामाच्या घाईतून जडलेल्या असतील. पण त्यांमुळे गावाचे पाकीटच चव्हाट्यावर उघडे पडते. आधार अधिनियम, २०१६ च्या कलम २९ ने आधार क्रमांक जाहीरपणे प्रसिद्ध करण्यास मनाई केली आहे. म्हणून याद्यांतील अंक झाकावेत, कपाटाला कुलूप असावे, निरुपयोगी प्रती फाडून नष्ट कराव्यात आणि ज्या कामास झेरॉक्सची गरज नाही त्यासाठी ती मागूच नये.

ज्या मजुराचे वा निराधार स्त्रीचे अनुदान दुसऱ्याने उचलले, तिला आपण आपणच आहोत हे सिद्ध करण्यासाठी तालुक्याच्या ठिकाणी हेलपाटे घालावे लागतात, आणि प्रत्येक हेलपाट्याला एका दिवसाची मजुरी बुडते. तो हेलपाटा टाळणे बऱ्याच अंशी या सभेत बसलेल्यांच्या हाती आहे. पुढील ग्रामसभेत व पालकसभेत या विषयाला दहा मिनिटे द्यावीत आणि १९३० हा क्रमांक शाळेच्या व पंचायतीच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहावा. आरंभ तेवढ्यानेही होईल.