२ जानेवारी : पुण्याच्या विद्येचा दिवस

२ जानेवारी हा इंग्रजी वर्षाचा दुसरा दिवस. त्यास सणाचा मान नाही, की व्रताचे महत्त्व नाही. तथापि पुणे शहराच्या चरित्रात या तारखेने आपली मुद्रा पुन्हा पुन्हा उमटविली आहे.

१८८० साली त्या दिवशी शुक्रवार होता. पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले ते त्याच दिवशी. ‘निबंधमाला’कार विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी सरकारी शिक्षकाची नोकरी नुकतीच सोडली होती; त्यांचे वय २९ वर्षांचे, तर त्यांस येऊन मिळालेले बाळ गंगाधर टिळक अवघे २३ वर्षांचे. सरकारी चाकरी हाच सुशिक्षितांचा राजमार्ग समजला जाण्याच्या त्या काळी तो मार्ग सोडून स्वतःची शाळा काढणे हे साहसच होते.

बरोबर एक वर्षाने, २ जानेवारी १८८१ रोजी, याच मंडळींच्या ‘मराठा’ या इंग्रजी साप्ताहिकाचा पहिला अंक निघाला आणि ४ जानेवारीस ‘केसरी’चा. वर्गातील मुलांस शिकवावे आणि वर्गाबाहेरील प्रौढांसही जागे करावे, असा हा दुहेरी उद्योग होता. पुढे १८८२ च्या मार्चमध्ये चिपळूणकर निवर्तले. परंतु त्यांनी आरंभिलेले कार्य थांबले नाही. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन कॉलेज उघडले. तो दिवसही शुक्रवारच होता. संस्कृत कोशकार वामन शिवराम आपटे हे त्याचे पहिले प्राचार्य. संस्थेचे आजीव सदस्य अल्प वेतनावर वीस वर्षे सेवा करण्याची प्रतिज्ञा घेत. टिळक, आगरकर, गोखले अशी माणसे या एका संस्थेत एकत्र आली. त्यांपैकी काही मतभेदाने दूरही झाली.

परंतु विद्येचे दार उघडले म्हणजे ते सर्वांस उघडले असे होत नाही. ते कोणाकोणासाठी उघडावयाचे, हा प्रश्न पुण्यातच १८४८ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढून समाजापुढे मांडला होता. पुढे फर्ग्युसनमध्येच गणित शिकविणारे धोंडो केशव कर्वे यांनी विधवांच्या व स्त्रियांच्या शिक्षणास आयुष्य वाहिले. २ जानेवारी १९५४ रोजी ‘भारतरत्न’ हा किताब निर्माण झाला आणि १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, तो कर्व्यांस लाभला.

याच प्रश्नाने फर्ग्युसनच्या आणखी एका विद्यार्थ्याचा पाठपुरावा केला. जमखंडीचे विठ्ठल रामजी शिंदे १८९८ साली बी. ए. झाले आणि पुढे ऑक्सफर्ड येथे धर्माचा तौलनिक अभ्यास करून परतले. एवढ्या विद्येवर प्रतिष्ठेचे स्थान सहज मिळविता आले असते. त्यांनी मात्र १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईस अस्पृश्य मानलेल्या समाजासाठी मिशन स्थापन केले, शाळा व वसतिगृहे काढली आणि पुण्यास नाना पेठेत अहिल्याश्रम उभारला. १९३० च्या कायदेभंगात त्यांनी येरवड्याचा कारावास सोसला. १९३३ साली ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ हा ग्रंथ सिद्ध केला. एवढे करूनही सनातन्यांस ते परके वाटले आणि ज्यांच्यासाठी झिजले त्यांच्यापैकीही अनेकांस आपले वाटले नाहीत. ही एकाकी वाटचाल २ जानेवारी १९४४ रोजी पुण्यास संपली.

ज्या तारखेस महाविद्यालयाचे दार उघडले, त्याच तारखेस ५९ वर्षांनी त्याच्या या विद्यार्थ्याने जगाचा निरोप घेतला. हा निव्वळ योगायोग होय. त्यात दैवी संकेत शोधण्याचे कारण नाही. परंतु संस्था स्थापन होते त्या दिवशी तिचे केवळ नाव लागते. तिची किंमत तिच्या विद्यार्थ्यांनी पुढे कोणासाठी किती दारे उघडली, यावरून ठरते. २ जानेवारीस संस्थापकांचे स्मरण करताना शिंद्यांचेही स्मरण व्हावे, ते याचसाठी.