व्हेनिसमधला उन्हाळा



परदेशातील प्रेमप्रकरणे म्हटली की आपल्याकडे दोन प्रकारचे श्रोते जमतात. एक मिटक्या मारणारे आणि दुसरे कपाळाला आठ्या घालणारे. आज आम्ही ज्या चित्रपटाविषयी बोलणार आहोत, तो या दोघांचीही निराशा करील. नाव 'समरटाइम', साल १९५५, दिग्दर्शक डेव्हिड लीन.

कथा अगदी लहान. अमेरिकेतील ऍक्रन गावची जेन हडसन ही अविवाहित, प्रौढ सेक्रेटरी पैसे साठवून एकटीच व्हेनिसला येते. रेनातो नावाच्या जुन्या वस्तूंच्या दुकानदारावर तिचे मन जडते आणि मग कळते की, तो विवाहित आहे, मुलांचा बाप आहे.

पण चित्रपटाचा जीव कथेत नाही, कॅथरिन हेपबर्नने उभ्या केलेल्या त्या बाईत आहे. सेंट मार्कच्या चौकात ती एकटी बसलेली असते. आपण एकट्या आहोत हे दिसू नये म्हणून ती शेजारची खुर्ची टेबलाला टेकवून ठेवते; जणू कोणी येणार आहे! तेवढ्यात रेनातो येतो, ती खुर्ची पाहतो आणि समजुतीने निघून जातो. ज्याच्यासाठी जागा हवी होती, त्यालाच त्या जागेने परतवले. मानी माणसाचे एकटेपण याहून नेमके दाखवलेले आम्ही क्वचितच पाहिले आहे.

आता रेनातोविषयी. 'बायकोशी पटत नाही, तर रीतसर काडीमोड का घेत नाही?' असे आमच्या एका स्नेह्यांनी विचारले. प्रश्न रास्त आहे, पण इटलीत तेव्हा घटस्फोटाचा कायदाच नव्हता. तो १९७० साली आला, आणि १९७४ च्या सार्वमताने टिकला. आपल्याकडे मुंबई प्रांतात १९४७ साली, आणि हिंदू विवाह कायद्याने १९५५ साली, म्हणजे याच चित्रपटाच्या वर्षी, ती वाट मोकळी झाली होती. तेव्हा रेनातोला सरळ लफंगा म्हणणे अन्यायाचे होईल. मात्र त्याने लग्न लपवले होते, हे आम्ही विसरू शकत नाही. अडचण कायद्याची होती. लपवाछपवी त्याची स्वतःची.

आणि जेन? तिला कोणी फसवून नेत नाही. सर्व ठाऊक झाल्यावर ती त्याच्याजवळ जाते, आणि पुढे आपण होऊनच निघते. पूर्वी त्याने घेऊन दिलेले गार्डेनियाचे फूल पुलावरून कालव्यात पडले होते. हात लांबवूनही त्याला ते काढता आले नव्हते. शेवटी गाडी सुटते, रेनातो फलाटावरून धावत येतो. हातातली पेटी तिच्यापर्यंत पोचत नाही. तो थांबतो, पेटी उघडतो आणि आतले फूल वर धरून दाखवतो. ती खिडकीतून हात हालवीत राहते, हसते आहे की रडते आहे, आम्हांला तीनदा पाहूनही ठरवता आलेले नाही.