परगावचे कसब आणि नगरची मळी

मिलवॉकी हे शहर अमेरिकेत मिशिगन सरोवराच्या काठी आहे. बेलापूर हे गाव अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे २०२४ पासून ज्याला अहिल्यानगर हे नाव मिळाले त्या जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी आहे. एकाची ओळख बिअर, दुसऱ्या मुलुखाची ओळख ऊस. तरीही या दोन्ही ठिकाणच्या उद्योगांची जन्मकथा ताडून पाहिली, तर तिच्यात विलक्षण साम्य आढळते. दोन्हीकडे पाणी व जमीन तेथलीच होती. परंतु कसब मात्र बाहेरून आले. आणि दोन्हीकडे काही काळाने हा प्रश्न उभा राहिला की, परगावच्या माणसाने उभारलेला उद्योग त्या मुलुखाचा आपला केव्हा होतो?

प्रथम अमेरिकेची हकीकत थोडक्यात पाहणे इष्ट होईल. इंग्रज वसाहतवाल्यांबरोबर तेथे जी बिअर गेली, ती उबदार हवेत लवकर आंबणारी, गडद व जड अशी होती. १८४० च्या पुढे जर्मन लोकांचे तांडे अमेरिकेत उतरू लागले आणि त्यांनी आपल्याबरोबर निराळे किण्व व निराळी रीत नेली. हे किण्व पिंपाच्या तळाशी बसून, थंडीत, अगदी सावकाश काम करते. पेय तयार झाल्यावरही ते काही आठवडे गार तळघरात मुरू द्यावे लागते. याच पेयाला लागर म्हणतात. त्याला हवे असे थंड पाणी, बर्फ व सातू मिलवॉकीच्या आसपास विपुल होता. जेकब बेस्ट हा जर्मन गृहस्थ १८४४ साली तेथे आला व त्याने बिअरचा कारखाना काढला. त्याच्या घराण्याचा जावई फ्रेडरिक पाब्स्ट हा आगबोटीवरचा कप्तान होता; पुढे त्याच्याच नावाने तो कारखाना प्रसिद्धीस आला. फ्रेडरिक मिलर याने १८५५ साली त्याच गावी दुसरा कारखाना घेतला. सेंट लुईसमध्ये अॅडॉल्फस बुश याने बिअर तापवून टिकाऊ करण्याची युक्ती व बर्फाने गार ठेवलेले रेल्वेचे डबे यांच्या साहाय्याने आपला माल दूरदूर पोहोचविला. तथापि बहुतेक कारखाने लहान होते आणि आपापल्या गावापुरतेच चालत. गावाचे पाणी आणि त्यांतील एका घराण्याचे नाव एवढ्यावर त्यांची कीर्ती असे.

हिंदुस्थानातही बिअर करणारे परदेशी कसबी आले होतेच. एडवर्ड डायर याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कसौलीला कारखाना काढला. पुढे एच. जी. मीकिन याने कसौली व सिमल्याचे कारखाने घेऊन दार्जिलिंग, राणीखेत अशा थंड ठिकाणी, तसेच पुण्याजवळ खडकीलाही कारखाने उभारले. परंतु या बिअरचे मुख्य गिऱ्हाईक छावणीतील गोरा शिपाई होता. भोवतालच्या शेतकऱ्याचे धान्य, त्याची चव वा त्याचा संसार यांच्याशी तिचा फारसा संबंध आला नाही. अमेरिकेतल्या जर्मनाप्रमाणे मुलुखाच्या मातीत रुजलेला आगंतुक पाहावयाचा असेल, तर महाराष्ट्रात तो बिअरच्या पिंपाजवळ न शोधता गुळाच्या काहिलीजवळ शोधला पाहिजे.

नगर जिल्हा हा मूळचा अवर्षणाचा मुलूख. १८७६–७७, १८९६–९७ आणि १८९९–१९०० या दुष्काळांनी येथील खेडी ओस पाडली. दुष्काळाच्या धसक्यानेच सरकारने सह्याद्रीच्या पायथ्याशी पाणी अडविण्याचे मनावर घेतले. दारणा नदीवरील धरणाच्या पाण्यावर गोदावरीचे डावा व उजवा असे दोन कालवे कोपरगावच्या बाजूस आले. प्रवरेवर भंडारदरा येथे १९१० साली सुरू झालेले धरण १९२६ साली पुरे झाले व तेथील पाणी संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर या भागांत फिरू लागले. बाजरी आणि ज्वारी यांवर पिढ्यानुपिढ्या जगणाऱ्या शेतकऱ्याच्या बांधाशी बारमाही पाणी येऊन ठेपले. परंतु पाणी आले म्हणजे बागायत आली असे होत नाही. ऊस पंधरा-अठरा महिने शेतात उभा राहतो. त्याला खत, पेंड, मजुरी यांसाठी रोख पैसा लागतो. आणि चुकून पाणी जास्त झाले तर जमीन चोपण होऊन कायमची हातची जाते. कोरडवाहू कुणब्याजवळ ना ती रोकड होती, ना ती विद्या.

ही विद्या घेऊन सासवडचे माळी आले. पुणे जिल्ह्यातील सासवडच्या या बागायतदारांनी १८८५ नंतर नीरा कालव्यावर उसाचा अनुभव गाठीस बांधला होता. जेथे नवा कालवा निघेल तेथे बैलगाड्यांत चरक, काहिली, औते आणि बायकामुले घालून जावयाचे, जमिनी खंडाने घ्यावयाच्या आणि दोन-तीन वर्षांत माळरानाचा मळा करावयाचा, असा त्यांचा क्रम असे. गोदावरी व प्रवरा या दोन्ही कालव्यांवर त्यांची बिऱ्हाडे पडली. सऱ्या कशा पाडाव्या, बेणे कोणते निवडावे, पाण्याची पाळी कितव्या दिवशी द्यावी, पेंड केव्हा घालावी, हे या मुलुखाने त्यांच्या मळ्यांत पाहून शिकून घेतले.

त्यांच्या कसबाचा कळस गुऱ्हाळावर दिसे. चरकातून निघालेला रस काहिलीत पडला की खाली चुलवणात पाचट व चिपाडे लोटीत राहावे लागे. रस तापू लागताच वर जो काळसर फेस येतो तीच मळी. ती झाऱ्याने वेळीच काढली नाही तर गूळ काळा पडतो. चुना किती घालावा, भेंडीच्या झाडाचा चिकट रस केव्हा सोडावा आणि काहील नेमकी कोणत्या क्षणी उतरावी, हे सांगणारा गुळव्या कोणत्याही शाळेत शिकलेला नसे. मिलवॉकीचा जर्मन जसा पिंपाला कान लावून आंबण्याचा अंदाज घेई, तसाच हा गुळव्या उकळीच्या आवाजावरून व तारेवरून पाकाची परीक्षा करी. हे ज्ञान हातातून हातात जात असल्यामुळेच ते माणसाबरोबर प्रवास करू शकते. पुस्तक जेथे पोहोचत नाही तेथे असा आगंतुक पोहोचतो.

काहिलीमागून कारखाना आला. १९१९ साली बेलापूर कंपनी स्थापन झाली व तिचा साखर कारखाना हरेगाव येथे उभा राहिला. तिची व्यवस्था मुंबईच्या ब्रॅडी या इंग्रज पेढीकडे होती. १९३२ साली सरकारने परदेशी साखरेवर जकात बसवून देशी साखरेस संरक्षण देणारा कायदा केला आणि हिंदुस्थानात कारखान्यांचे पेव फुटले. १९३३ साली महादेव लक्ष्मण डहाणूकर यांनी महाराष्ट्र शुगर मिल्स ही कंपनी काढली व श्रीरामपूरजवळ टिळकनगर वसले. करमशी जेठाभाई सोमैया हे कच्छी घराण्यातले, परंतु त्यांचा जन्म १९०२ साली नगर जिल्ह्यातच झाला होता. त्यांच्या गोदावरी शुगर मिल्सचे कारखाने साकरवाडी व लक्ष्मीवाडी येथे निघाले. सासवडच्या माळ्यांनीही केवळ गुळावर समाधान न मानता १९३२ साली स्वतःची कंपनी स्थापली आणि सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ माळीनगर येथे कारखाना उभारला. शेतकऱ्यांनी शेतकऱ्यांच्या भांडवलावर काढलेल्या या उपक्रमाचे महत्त्व पुढे ध्यानात येईल.

कारखान्यात एका टन उसापासून सुमारे शंभर किलो साखर निघते आणि तिच्यामागे चाळीसएक किलो दाट, काळा पाक उरतो. गुऱ्हाळावरच्या फेसाचेच मळी हे नाव लोकांनी या पाकालाही दिले. प्रारंभी ही मळी म्हणजे कारखान्याच्या गळ्यातली धोंड होती. ती साठविण्यास जागा नसे आणि ओढ्यात सोडली तर पाणी नासे. परंतु तिच्यात अद्याप पुष्कळ साखर असते. ती पाण्याने पातळ करून किण्व सोडले की दीड-दोन दिवसांत आंबते. मग उंच मनोऱ्यासारख्या यंत्रातून तिचे ऊर्ध्वपातन केले असता टनामागे सव्वादोनशे ते अडीचशे लिटर मद्यार्क मिळतो. सातूपासून बिअर होते तेव्हाही आंबण्याची क्रिया हीच. भेद इतकाच की बिअर आंबवून पितात, तर मळीचा अर्क वाफेच्या वाटेने काढावा लागतो.

दारूचा उद्योग मात्र केवळ कसबावर चालत नाही. त्याच्या डोक्यावर कायद्याची तलवार सदैव टांगलेली असते. अमेरिकेत पहिल्या महायुद्धाच्या काळी जर्मन नावाविषयी द्वेष पसरला. तीन पिढ्या तेथे राहिलेली घराणी एका रात्रीत परकी ठरली आणि दारूबंदीच्या चळवळीस त्याने बळच मिळाले. जानेवारी १९२० मध्ये देशभर दारूबंदी आली ती डिसेंबर १९३३ पर्यंत टिकली. या तेरा वर्षांत शेकडो कारखाने कायमचे बुडाले. जे तगले ते दुसऱ्या मालावर तगले: पाब्स्टने चीज केले, बुशच्या कारखान्याने किण्व, मक्याचा पाक व आइस्क्रीम विकले, पेनसिल्व्हेनियातील युएंगलिंग घराण्याने दुग्धालय काढले. बंदी उठल्यावर उरलेले लहान कारखाने मोठ्यांच्या जाहिरातीपुढे एकेक करून मिटले. १९८० च्या सुमारास एवढ्या विस्तीर्ण देशात शंभर कारखानेही उरले नव्हते. पुढे हौशी लोकांनी लहान कारखान्यांची परंपरा नव्याने सुरू केली, ही गोष्ट निराळी.

मुंबई इलाख्यातही हा प्रसंग आला. १८७८ च्या अबकारी कायद्याने दारू गाळण्याची मुभा सरकारी परवान्यात बांधून टाकलीच होती. १९४९ साली मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि १९५० पासून सर्व इलाख्यात बंदी लागू झाली. या बंदीमागे कामकऱ्यांच्या घरांतील चूल विझू नये ही कळकळ होती. तिची थट्टा करणे अनुचित होय. परंतु मळी कायद्याने थांबत नाही; ऊस गाळला की ती निघतेच. म्हणून मद्यार्कास पिण्याखेरीज अन्य वाटा शोधणे भाग पडले. पिण्यास अयोग्य करून टाकलेला मद्यार्क रंग, औषधे व रसायने यांच्या कारखान्यांस उपयोगी पडतो. साकरवाडी येथे पुढे साखरेऐवजी मद्यार्कापासून रसायने करण्याचाच उद्योग प्रमुख झाला. महाराष्ट्रात १९६० नंतरच्या दशकात बंदी शिथिल झाली; टिळकनगरची मॅन्शन हाऊस ब्रँडी दक्षिण हिंदुस्थानात विशेष खपू लागली. आणि आता मोटारीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे धोरण आले. २००३ साली शेकडा पाचपासून सुरू झालेले हे मिश्रण २०२५ साली शेकडा वीसपर्यंत गेले आहे. जी मळी ओढ्यात सोडीत, ती आज कारखान्याचे ताळेबंद सावरते.

परंतु या सर्व उत्कर्षात मूळ जमीनधारकाचे काय झाले? कारखान्यांना सलग शेते हवी होती, म्हणून हजारो एकर जमीन खंडाने त्यांच्या ताब्यात गेली. खंड ठरला तेव्हा ती माळ होती. पाण्याने तिचे सोने झाले तरी खंड फारसा हलला नाही. ज्याच्या सातबाऱ्यावर नाव होते तो आपल्याच शेतात रोजंदारीस जाऊ लागला. १९६१ च्या जमीन-कमाल-मर्यादा कायद्याने कारखान्यांच्या जमिनी काढून घेतल्या, त्या १९६३ साली स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे गेल्या. आणि खंडकऱ्यांचे अर्ज-मोर्चे पिढीमागून पिढी चालत राहिले. कायद्यात दुरुस्ती होऊन बऱ्याच जणांना जमिनी परत मिळाल्या त्या नातवंडांच्या हयातीत.

या दुखण्यावरचा उपाय त्याच मातीतून निघाला. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील यांनी भोवतालच्या खेड्यांतून हिंडून शेतकऱ्यांकडून भाग-भांडवल जमविले. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ त्यांच्या पाठीशी उभे राहिले. आणि १९५० साली प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला. माळ्यांनी ऊस लावण्याचे कसब आणले होते, पेढीवाल्यांनी यंत्र आणले होते. सहकाराने मालकी गावात आणली. यापुढे ऊस पिकविणारा शेतकरी कारखान्याच्या सभेत हात वर करू शकत होता. त्या सभांत पुढे सत्तेचे राजकारण शिरले हे खरे. तथापि त्याने मूळ तत्त्व खोटे ठरत नाही. कसब परगावचे असले तर उद्योगाचे काही बिघडत नाही. मालकी परगावची राहिली तर मात्र तो कितीही भरभराटला तरी मुलुखाला पाहुणाच वाटतो.

अद्याप एक आगंतुक या हिशेबाबाहेर राहिला आहे. दिवाळीनंतर बीडहून आणि खुद्द नगर जिल्ह्यातील पाथर्डी, शेवगावकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता अशी त्यांची गणती. पाचटाची कोपी हे त्यांचे घर. कारखान्याशी त्यांचा संबंध मुकादमाच्या उचलीपुरता. मुले शाळा सोडून बरोबर येतात आणि हंगाम संपताच परततात. साखर, ब्रँडी आणि इथेनॉल या तिन्हींचा पहिला घाव यांच्याच कोयत्याचा असतो. जर्मन बिअरवाल्याचे नाव बाटलीवर चढले, सासवडच्या माळ्यांच्या नावाने गाव वसले, प्रवरेचा शेतकरी भागीदार झाला. ज्याच्या नावाचा ना भाग निघतो, ना ज्याच्या मुलाचे नाव एकाच शाळेच्या पटावर वर्षभर टिकते, त्या या माणसाला उद्योगात कोणते स्थान द्यावयाचे, हे नगरच्या उसाला अजून ठरवावयाचे आहे.