चारही चाकांचा जोर आणि मालमोटारीचा वेग

मालमोटारीच्या चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळाला, म्हणजे ओल्या रस्त्यावरही ती भरधांव हाकण्यास हरकत नाहीं, असा समज पुष्कळांचा असतो. मरोळसारख्या मुसळधार पावसाच्या भागांत तो जिवावर बेतणारा आहे.

हा जोर गाडी पुढें ओढतो, थांबवीत नाहीं. थांबविणें ब्रेकांवर व टायरांच्या पकडीवर अवलंबून. ताशीं ३० किलोमीटरांचे ६० झाले, कीं ब्रेक लागल्यावर थांबण्यास चौपट अंतर लागतें.

२६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें ९४४ मिलिमीटर पाऊस झाला व मिठी नदी पात्र सोडून वाहिली. अशा पाण्याखालचा खड्डा कोणतेंही यंत्र दाखवीत नाहीं. खोली ठाऊक नसेल, तर गाडी घालूंच नये. उथळ पाण्यांतून ती माणसाच्या चालीनें न्यावी.

पुढच्या व मागच्या चाकांची गति एकत्र जखडणाऱ्या गाडींत आणखी एक अडचण असते. वळणावर पुढचीं चाकें अधिक लांब वाट चालतात. चिखलांत चाकें थोडीं घसरून हा फरक भरून निघतो. कोरड्या डांबरावर त्याचा ताण यंत्रावर येतो. म्हणून कोरडा, पक्का रस्ता लागतांच पुढच्या चाकांचा जोर सोडवावा.

चिखलांतून निघण्यास चारही चाकें राबोत. वेग मात्र समोर दिसणाऱ्या अंतरांत थांबतां येईल, इतकाच असावा.