चंद्राचा रंग आणि पृथ्वीची हवा



सायखेड्याच्या गोदाकाठी पौर्णिमेचा चंद्र उगवताना तांबूस दिसतो, माथ्यावर येताच शुभ्र होतो. वस्तुतः चंद्रभूमी करडी आहे. तिच्यावरील डाग नाशिक जिल्ह्यातील काळ्या पाषाणाप्रमाणेच बेसाल्टचे आहेत. ती सूर्यप्रकाशाचा जेमतेम आठवा हिस्सा परावर्तित करते. काळ्या आकाशामुळे मात्र उजळ भासते. क्षितिजावरील चंद्राचा प्रकाश हवेच्या जाड थरातून येतो. त्यातील निळा अंश विखुरतो, तांबडा उरतो. ७ सप्टेंबर २०२५ च्या खग्रास ग्रहणात चंद्र लाल झाला, तोही पृथ्वीच्या वातावरणातून वळलेल्या किरणांमुळेच. यात अशुभ काहीही नाही. अशा रात्री गर्भवतीला उपाशी कोंडून ठेवण्यास कोणताही शास्त्रीय आधार नाही. शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी ग्रहण पाहण्यास गावाला अंगणात बोलवावे, गर्भवती भगिनींसह.